अल्झायमर की व्हॅस्क्युलर डिमेन्शिया? दोन्हींत विसरणे दिसते, पण बिघाड वेगळा असतो

घरातील ज्येष्ठ व्यक्ती विसरू लागली की कुटुंबात सहसा दोनपैकी एक निष्कर्ष निघतो. एक तर ‘वय झालंय, चालायचंच’, नाही तर ‘अल्झायमर झालाय, आता काय उपाय?’ दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. एखाद्याचे नाव आठवायला वेळ लागणे हे वयानुसार होऊ शकते. पण रोजचे व्यवहार अडू लागले तर तो आजार समजून तपासणी करायला हवी. आणि स्मृतिभ्रंश असला, तरी त्यामागे अल्झायमरच असेल असे नाही. स्मृतिभ्रंशाचे दुसरे मोठे कारण म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे आजार. त्यातून होणाऱ्या स्मृतिभ्रंशाला व्हॅस्क्युलर डिमेन्शिया म्हणतात.

या दोन आजारांत बुद्धीच्या कोणत्या क्षमता आधी कमी होतात, हे या लेखात पाहू. हा फरक कळला की घरच्यांना तीन फायदे होतात. डॉक्टरांना योग्य माहिती देता येते, रुग्णावर ‘आळशी’, ‘हट्टी’ असा शिक्का बसत नाही आणि जे नुकसान टाळता येण्यासारखे आहे ते वेळेत टाळता येते.

स्मृतिभ्रंश म्हणजे नेमके काय?

स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया हे एका आजाराचे नाव नाही. स्मरणशक्ती, विचार, नियोजन, भाषा, दिशेचे भान अशा क्षमता पूर्वीपेक्षा इतक्या कमी होतात की माणसाला रोजची कामे स्वतःची स्वतः करता येत नाहीत, त्या अवस्थेला स्मृतिभ्रंश म्हणतात. ताप जसा अनेक आजारांत येतो, तसा स्मृतिभ्रंशही अनेक कारणांनी होतो. त्यांत अल्झायमर पहिल्या क्रमांकावर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार स्मृतिभ्रंशाच्या सुमारे ६० ते ७० टक्के रुग्णांमध्ये अल्झायमरचा वाटा असतो.

भारतात हा प्रश्न लहान नाही. ‘लासी-डॅड’ या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज आहे.

मराठी माणसाच्या मनातले स्मृतिभ्रंशाचे चित्र बहुतेक वेळा अल्झायमरचे असते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृत पंडित एका हत्तीच्या मागे चालत जातात आणि हरवतात. अनेकांना हा आजार त्या चित्रपटातून कळला. मात्र जी व्यक्ती हरवत नाही, माणसांना ओळखते, पण दिवसभर खुर्चीत बसून राहते आणि साधा हिशोब करताना गोंधळते, तिलाही स्मृतिभ्रंश असू शकतो, हे पटकन लक्षात येत नाही. व्हॅस्क्युलर डिमेन्शिया अनेकदा असाच नजरेतून सुटतो.

मेंदूत काय घडते?

अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड आणि टाऊ या दोन प्रथिनांचे असामान्य साठे तयार होतात आणि मेंदूच्या पेशी हळूहळू नष्ट होत जातात. ही प्रक्रिया लक्षणे दिसण्याच्या १५ ते २० वर्षे आधीच सुरू झालेली असू शकते. बहुतेक रुग्णांमध्ये सुरुवातीचे मोठे नुकसान हिप्पोकॅम्पस या भागात व त्याच्या आसपास होते. नवीन आठवणी तयार करून साठवण्याचे काम याच भागाकडे असते.

व्हॅस्क्युलर डिमेन्शियामध्ये मूळ दोष रक्तपुरवठ्यात असतो. मोठी रक्तवाहिनी बंद पडली किंवा फुटली तर पक्षाघात होतो. आपल्याकडे त्याला लकवा किंवा अर्धांगवायू म्हणतात. पण याहून अधिक वेळा दिसतो तो मेंदूच्या आत खोलवर असलेल्या बारीक रक्तवाहिन्यांचा आजार. अनेक वर्षांचा उच्च रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू यांमुळे या वाहिन्या जाड व अरुंद होतात. त्यांच्यावर अवलंबून असलेले मेंदूचे ‘वायरिंग’ ठिकठिकाणी खराब होते. मेंदूच्या पुढच्या भागाला इतर भागांशी जोडणारे मार्ग यात प्रामुख्याने सापडतात. त्यामुळे नियोजन, निर्णय, लक्ष आणि विचारांचा वेग यांवर आधी परिणाम होतो.

नेहमी दिसणारी दोन चित्रे

खालील दोन उदाहरणे कोणा एका रुग्णाची नाहीत. दवाखान्यात वारंवार ऐकू येणाऱ्या तक्रारी एकत्र करून ती तयार केली आहेत.

पहिले उदाहरण पंचाहत्तरीच्या एका निवृत्त शिक्षिकेचे. मुलगी सांगते, “आईला तिच्या शाळेतल्या पहिल्या वर्गातल्या मुलांची नावं अजून पाठ आहेत. पण सकाळी मामाचा फोन आला होता, हे दुपारी आठवत नाही. आठवण करून दिली तर म्हणते, मला कुणाचा फोन आलाच नाही.” एकच प्रश्न तासाभरात पाच वेळा विचारला जातो. बांगड्या तांदळाच्या डब्यात ठेवल्या जातात आणि कामवालीवर संशय घेतला जातो. इतकी वर्षे महाद्वार रोडवर भाजी-फुले घ्यायला एकटी जाणारी ही बाई गेल्या महिन्यात घराकडे येताना भलत्याच गल्लीत शिरली. चालणे मात्र अगदी ठणठणीत. हे सगळे दोन-तीन वर्षांत इतके हळूहळू झाले की नेमके कधी सुरू झाले ते घरात कोणालाच सांगता येत नाही.

दुसरे उदाहरण मार्केट यार्डात गुळाची अडत असलेल्या सत्तरीच्या गृहस्थांचे. पंधरा वर्षांपासून बीपी आहे, गोळ्या अधूनमधून घेतात. तंबाखूची सवय जुनी. मुलगा सांगतो, “गेल्या दिवाळीत दोन दिवस बाबांची जीभ जड झाली होती, उजव्या हातातून पेला पडायचा. आपोआप कमी झालं म्हणून आम्ही दाखवलं नाही. त्यानंतर सौद्यात त्यांचं लक्ष लागेना. किती रवे आले, कुणाची पट्टी द्यायची, सगळं माहिती असतं. पण आधी काय करायचं, नंतर काय, तेच जुळत नाही.” आता ते तासन्‌तास गप्प बसतात. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बरोबर देतात, पण खूप वेळाने. पावले छोटी झाली आहेत, पाय घासत चालतात, लघवीची घाई होते. टीव्हीवरच्या साध्या प्रसंगानेही डोळ्यांत पाणी येते. घरचे म्हणतात, “बाबा आळशी झालेत, मनावर घेत नाहीत.”

पहिले चित्र अल्झायमरकडे आणि दुसरे व्हॅस्क्युलर डिमेन्शियाकडे बोट दाखवते. आता एकेक क्षमता वेगळी करून पाहू.

१. स्मरणशक्ती: नोंदच होत नाही की नोंद सापडत नाही?

दुकानाच्या रोजकीर्दीचे उदाहरण घ्या. अल्झायमरमध्ये आजचा व्यवहार वहीत लिहिलाच जात नाही. त्यामुळे नंतर कितीही पाने उलटली तरी तो सापडत नाही. जुन्या वह्या मात्र बराच काळ शाबूत राहतात. म्हणून तीस वर्षांपूर्वीचे आठवते आणि सकाळचे आठवत नाही. व्हॅस्क्युलर डिमेन्शियात नोंद बऱ्याच वेळा झालेली असते, पण पान शोधणारा कारकून मंद झालेला असतो. कोणी पानाचा क्रमांक सांगितला की त्याला ते सापडते.

डॉक्टर हा फरक एका साध्या चाचणीतून पाहतात. समजा रुग्णाला आंबा, खुर्ची, नदी, चप्पल, पिवळा हे पाच शब्द सांगितले आणि काही मिनिटांनी विचारले. दोन्ही आजारांत रुग्णाला दोनच शब्द आठवू शकतात. मग डॉक्टर खूण देतात, “एक फळ होतं.” व्हॅस्क्युलर आजाराचा रुग्ण अनेकदा म्हणतो, “हां, आंबा!” अल्झायमरच्या रुग्णाला खुणेचा फारसा उपयोग होत नाही. तो दुसऱ्याच फळाचे नाव सांगतो किंवा “तुम्ही शब्द कधी सांगितले?” असे विचारतो. हा नियम शंभर टक्के लागू पडत नाही, पण निदानाला चांगली दिशा देतो.

२. नियोजन आणि निर्णय

व्हॅस्क्युलर डिमेन्शियात अनेकदा सर्वांत आधी हेच बिघडते. एखादे काम टप्प्याटप्प्याने करणे, दोन गोष्टींकडे एकाच वेळी लक्ष ठेवणे, परिस्थिती बदलली की बेत बदलणे कठीण होते. स्वयंपाक उत्तम येणाऱ्या बाईंना भाकरी थापता येते, रश्शाचा मसालाही माहीत असतो. पण चार माणसांचा पूर्ण स्वयंपाक वेळेत जुळवता येत नाही. एक काम हातात घेतले की दुसरे तसेच राहते. स्मरणशक्ती त्यामानाने बरी असल्यामुळे घरच्यांना हा आजार वाटतच नाही.

अल्झायमरमध्येही नियोजन बिघडते, पण बहुतेक रुग्णांमध्ये ते नवीन गोष्टी विसरण्याच्या पाठोपाठ ठळक होते.

३. विचारांचा वेग

व्हॅस्क्युलर आजारात सगळेच संथ होते; उत्तर देणे, कपडे घालणे, सुटे पैसे मोजणे. वेळ दिला तर उत्तर बरोबर येते. आपण घाई करतो, त्यांचे वाक्य स्वतःच पूर्ण करतो आणि त्यांना काही कळत नाही असे धरून चालतो. अल्झायमरच्या सुरुवातीला उलट चित्र दिसू शकते. रुग्ण पटकन आणि आत्मविश्वासाने उत्तर देतो, पण ते चुकीचे असते.

४. भाषा

अल्झायमरमध्ये वस्तूंची नावे हरवतात. “ते आपलं, पाणी तापवायचं” असे म्हणत बंबाकडे बोट दाखवले जाते. एका मिनिटात जमतील तितक्या प्राण्यांची नावे सांगायला लावली तर यादी लवकर संपते, कारण शब्द आणि त्यांचे अर्थ यांचा साठाच कमी होत असतो. व्हॅस्क्युलर आजारात ‘क’पासून सुरू होणारे शब्द सांगा, अशा चाचणीत अधिक अडचण येते, कारण त्यात स्वतः युक्ती लावून शब्द शोधावे लागतात. पक्षाघात मेंदूच्या भाषेच्या भागात झाला असेल तर मात्र बोलणे अचानक आणि बरेच बिघडते.

५. दिशा आणि जागेचे भान

ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, घरातच बाथरूमचे दार न सापडणे हे अल्झायमरमध्ये तुलनेने लवकर दिसते. व्हॅस्क्युलर आजारात नेमक्या कोणत्या भागाचा रक्तपुरवठा बंद झाला, यावर ते अवलंबून असते. घड्याळ काढण्याची चाचणी दोन्ही आजारांत चुकू शकते. पण ती कशी चुकते, यावरून डॉक्टरांना अंदाज येतो.

६. मन, चालणे आणि लघवी

बुद्धीबरोबर शरीराकडेही पाहावे लागते. छोटी पावले, तोल जाणे, वारंवार पडणे, लघवीची घाई किंवा ती न रोखता येणे ही लक्षणे पहिल्या एक-दोन वर्षांतच दिसली, तर व्हॅस्क्युलर कारणाचा विचार करावा लागतो. उदासी, कशातच रस न वाटणे आणि किरकोळ कारणाने रडू किंवा हसू येणेही या आजारात अधिक आढळते. अल्झायमरमध्ये चालणे व लघवीवरचे नियंत्रण बहुधा उशिरापर्यंत चांगले राहते; संशय घेणे आणि आपल्याला काही झालेच नाही असे वाटणे अधिक दिसते.

७. आजाराची चाल

अल्झायमर उतारासारखा असतो, हळूहळू, सतत. पक्षाघातानंतरचा स्मृतिभ्रंश पायऱ्यांसारखा असतो. अचानक एक पायरी खाली, मग काही महिने स्थिर, मग पुन्हा एक पायरी. व्लादिमीर हाचिन्स्की या मेंदूविकारतज्ज्ञांनी १९७५ मध्ये अशा लक्षणांना गुण देऊन दोन आजार वेगळे ओळखण्याची पद्धत मांडली. अचानक सुरुवात, पायऱ्यांसारखी घसरण, पूर्वीचा पक्षाघात, उच्च रक्तदाब, भावनांवर ताबा न राहणे यांचा त्यात समावेश आहे. मात्र एक सावधगिरी हवी. बारीक रक्तवाहिन्यांचा आजार हळूहळूही वाढतो आणि तेव्हा तो अल्झायमरसारखाच वाटतो. त्यामुळे केवळ चालीवरून निदान करता येत नाही.

दोन्ही आजार एकत्र असू शकतात का?

हो, आणि वाढत्या वयात हे फार वेळा दिसते. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या मृत्यूनंतर मेंदूची तपासणी केली असता अनेकांमध्ये अल्झायमरचे बदल आणि रक्तवाहिन्यांचे नुकसान दोन्ही आढळले आहे. याला मिश्र स्मृतिभ्रंश म्हणतात. डॉक्टरांनी ‘दोन्ही आहेत’ असे सांगितले तर ते गोंधळलेले आहेत असे समजू नका. आणि अल्झायमरचे निदान झाले म्हणून बीपी-शुगरच्या गोळ्यांकडे दुर्लक्षही करू नका. आधीच दुबळ्या झालेल्या मेंदूला रक्तपुरवठ्याचा छोटा धक्काही जड जातो.

तपासणीला जाताना

सर्वांत महत्त्वाचा पुरावा घरच्यांकडे असतो. एमआरआयमध्ये मेंदूचा आकार दिसतो. माणसाचे बदललेले वागणे दिसत नाही. म्हणून जाण्यापूर्वी एका कागदावर पुढील गोष्टी लिहून घ्या.

- पहिला बदल कोणता होता आणि साधारण कधी? सणवार, लग्न, शस्त्रक्रिया अशा खुणांवरून आठवा.
- बदल हळूहळू झाला की एखाद्या दिवसापासून अचानक?
- आठवण करून दिल्यावर आठवते की नाही?
- पूर्वी जमणारी कोणती कामे आता जमत नाहीत? उदाहरणार्थ बँक, हिशोब, स्वयंपाक, पूजा, औषधे, मोबाइल.
- तोंड वाकडे होणे, हात-पाय जड होणे, बोबडे बोलणे असे काही मिनिटे तरी झाले होते का?
- चालणे, पडणे, लघवी, झोप, ऐकू येणे यांत काय बदल आहे?
- चालू असलेल्या सर्व गोळ्या. झोपेच्या, ॲलर्जीच्या आणि दुकानातून परस्पर घेतलेल्याही. शक्य असल्यास पाकिटेच घेऊन जा.

शाळा कमी झालेल्या किंवा न झालेल्या व्यक्तीला लेखी चाचणीत कमी गुण पडतात म्हणून तिला स्मृतिभ्रंश आहे असे होत नाही. अशा वेळी पूर्वीच्या तुलनेत आज किती बदल झाला, हे घरच्यांचे सांगणे अधिक मोलाचे ठरते.

डॉक्टर रक्ताच्या काही तपासण्या सांगतात, कारण स्मृतिभ्रंशासारखी दिसणारी काही कारणे बरी होण्यासारखी असतात. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा दोष, सोडियम कमी होणे, नैराश्य, काही औषधांचा परिणाम, डोक्याला मार लागून कवटीखाली हळूहळू साठलेले रक्त ही त्यांतली काही. शाकाहारी व्यक्ती आणि वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही यांच्यात ब-१२ कमी होण्याची शक्यता अधिक असते.

सीटी स्कॅन किंवा एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस आक्रसला आहे का, पूर्वी झटके येऊन गेले आहेत का, बारीक रक्तवाहिन्यांचे नुकसान किती आहे, हे कळते. रिपोर्टमध्ये ‘स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस’ असे शब्द वाचून घाबरू नका. साठीनंतर असे थोडे बदल अनेक निरोगी माणसांतही असतात. लक्षणे आणि स्कॅन यांचा मेळ बसतो का, हे डॉक्टरांनी ठरवायचे असते.

उपचारांत काय फरक पडतो?

अल्झायमरमध्ये डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, गॅलँटामिन आणि पुढच्या टप्प्यात मेमँटिन ही औषधे वापरतात. त्यांनी आजार थांबत नाही. काही रुग्णांमध्ये काही काळ लक्षणे सौम्य राहतात. मळमळ, जुलाब, नाडी मंद होणे असे त्रास झाल्यास डॉक्टरांना कळवा. लेकानेमॅब आणि डोनानेमॅब या अमायलॉइड काढून टाकणाऱ्या नव्या औषधांना अमेरिकेत अनुक्रमे २०२३ आणि २०२४ मध्ये मान्यता मिळाली. ती केवळ सुरुवातीच्या टप्प्यातील अल्झायमरसाठी आहेत. मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने रक्तवाहिन्या आधीच खराब असलेल्या अनेकांना ती देता येत नाहीत. निदान अचूक असण्याची गरज इथेही दिसते.

व्हॅस्क्युलर डिमेन्शियात गेलेली क्षमता परत आणणारे औषध नाही. पण पुढचा झटका टाळणे हाच इथे मोठा उपचार आहे. पहिल्या पक्षाघातानंतर साधारण दहापैकी एका रुग्णाला नव्याने स्मृतिभ्रंश होतो. पुन्हा झटका आला तर हे प्रमाण तिघांपैकी एकाहून अधिक होते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसले आहे. म्हणून बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल यांवरची औषधे रोज घ्यावीत. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या असतील तरच आणि तशाच घ्याव्यात. शेजाऱ्याला चालली म्हणून ॲस्पिरिन स्वतःहून सुरू करू नये.

दोन औषधांबाबत विशेष सावध राहा. लघवीच्या घाईसाठी दिली जाणारी ऑक्सिब्युटिनिनसारखी काही औषधे गोंधळ वाढवू शकतात. आक्रमकपणा किंवा भास यांसाठी दिली जाणारी मानसिक आजारांवरील काही औषधे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत पक्षाघात व मृत्यूचा धोका वाढवतात. ती कधी कधी आवश्यक असतात, पण कमी मात्रेत, थोड्या काळासाठी आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावीत.

घरी वागताना

अल्झायमरच्या रुग्णाला ‘आठव बघू’ म्हणून ताण देऊ नका. ज्याची नोंदच झालेली नाही ते आठवणार नाही. तोच प्रश्न पुन्हा आला तर शांतपणे तेच उत्तर द्या किंवा विषय बदला. ‘आई, आत्ताच तर सांगितलं’ हे वाक्य टाळा. मोठ्या अक्षरांचा फलक, ठरलेली जागा, ठरलेला दिनक्रम, खिशात घरचा फोन नंबर आणि गॅसवर लक्ष, यांचा उपयोग होतो. जुनी गाणी, जुने फोटो, जुन्या गप्पा यांत त्यांना सुरक्षित वाटते.

व्हॅस्क्युलर आजाराच्या रुग्णाला वेळ द्या. एका वेळी एकच सूचना द्या. ‘आवरून घ्या’ याऐवजी ‘बाबा, आधी शर्ट घाला’ असे सांगा. ते झाले की पुढचे. खूण द्या, सुरुवात करून द्या. ते स्वतःहून काही करत नाहीत यामागे मेंदूतील बिघाड आहे, हे घरातल्या सगळ्यांना, नातवंडांनाही समजावून सांगा. रोज ठरलेल्या वेळी कोणी सोबत घेऊन रंकाळ्यावर दोन फेऱ्या मारल्या तर ते चालतात; ‘जा, फिरून या’ म्हटले तर उठत नाहीत. पडू नये म्हणून बाथरूममध्ये दांडी लावा, घसरणारी पायपुसणी काढा आणि रात्री दिवा चालू ठेवा.

पैशांचे व्यवहार दोन्ही आजारांत लवकर पाहायला हवेत. व्हॅस्क्युलर आजारात आठवण बरी असल्याने माणूस व्यवहार करत राहतो, पण निर्णयशक्ती कमी झालेली असते. कोऱ्या कागदावर सही, फोनवर ओटीपी सांगणे, उधारीवर माल देणे अशा चुका होतात. रुग्णाला समज असतानाच मृत्युपत्र, नॉमिनी आणि संयुक्त खाते याबाबत त्यांच्या इच्छेप्रमाणे वकिलाच्या सल्ल्याने व्यवस्था करावी.

धोका कमी करता येतो का?

‘लान्सेट’च्या स्मृतिभ्रंशविषयक आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्यासारखी १४ कारणे मांडली. ती सर्व दूर झाली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबू शकेल, असा त्यांचा अंदाज आहे. उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, धूम्रपान, व्यायामाचा अभाव, नैराश्य, एकटेपणा, ऐकू कमी येणे आणि नजर कमी होणे यांचा त्यात समावेश आहे. यांतील अनेक कारणे दोन्ही आजारांशी संबंधित आहेत.

रक्तदाबाबाबत अमेरिकेतील ‘स्प्रिंट माइंड’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. ५० वर्षांवरील नऊ हजारांहून अधिक लोकांपैकी ज्यांचा वरचा रक्तदाब १२० च्या खाली ठेवण्याचे लक्ष्य होते, त्यांच्यात बौद्धिक क्षमतेची सौम्य घट १४० च्या लक्ष्याच्या तुलनेत सुमारे १९ टक्क्यांनी कमी आढळली. पूर्ण स्मृतिभ्रंशाबाबत मात्र ठोस फरक सिद्ध झाला नाही. मधुमेही आणि पक्षाघात होऊन गेलेले रुग्ण त्या अभ्यासात नव्हते. त्यामुळे प्रत्येकाचे लक्ष्य डॉक्टरांनीच ठरवावे. अशक्त वृद्धांमध्ये बीपी फार खाली गेले तर उभे राहताना चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो.

आपल्या भागासाठी काही साध्या गोष्टी. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची आवड सोडायला नको. पण जेवणात वरून मीठ, रोज पापड-लोणचे आणि खारवलेल्या मिरच्या हे कमी करता येते. तंबाखू, मावा आणि सिगारेट पूर्ण बंद करावी. घरातल्या ज्येष्ठ बायकांची मिश्री ही तंबाखूच असते, हे अनेकदा डॉक्टरांना सांगायचेच राहते. आणि ‘बीपी नॉर्मल आलं’ म्हणून गोळी बंद करू नका. ते गोळीमुळेच नॉर्मल आलेले असते.

तातडीने कधी जावे?

चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एका बाजूचा हात-पाय अचानक कमजोर होणे, बोलणे अडखळणे, अचानक दिसेनासे होणे किंवा तोल जाणे, यांपैकी काहीही झाले तर थांबू नका. १०८ वर रुग्णवाहिका बोलवा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात जा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ते जितके लवकर तितके चांगले. त्रास दहा मिनिटांत आपोआप गेला तरी त्याच दिवशी दाखवा. दिवाळीत दोन दिवस जड झालेली जीभ ही पुढच्या मोठ्या झटक्याची सूचना असू शकते.

एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ, असंबद्ध बोलणे किंवा फार गुंगी आली, तर तो स्मृतिभ्रंश नसून जंतुसंसर्ग, क्षार कमी होणे किंवा औषधाचा परिणाम असू शकतो. तेव्हाही लगेच डॉक्टरांकडे न्या.

मदत कुठे मिळेल?

सुरुवात आपल्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांपासून करा. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे सीपीआरमध्ये, मेडिसीन किंवा मनोविकार विभागात दाखवता येते. गरजेनुसार मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवले जाते. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ ही टेलि-मानस सेवा आहे. काळजी घेणाऱ्यांनीही तिचा वापर करावा. ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान भारत योजनेत रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. बाह्यरुग्ण विभागातील तपासण्या आणि रोजच्या गोळ्या मात्र त्यात येत नाहीत.

काळजी घेणारी व्यक्ती बहुतेक घरांत एकच असते. सून, मुलगी किंवा स्वतःच साठी ओलांडलेली पत्नी. तिला आठवड्यातून काही तास तरी मोकळे मिळतील अशी वाटणी घरातल्यांनी ठरवून घ्यावी. पुढच्या तपासणीला जाताना डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारा: “यांचा स्मृतिभ्रंश कोणत्या प्रकारचा वाटतो?” आणि “यांचं बीपी किती ठेवायचं?” दोन्ही उत्तरे औषधांच्या कागदावर लिहून घ्या आणि तो कागद फाइलमध्ये सर्वांत वर ठेवा.

हा लेख माहितीसाठी आहे. औषध सुरू करणे, बदलणे किंवा बंद करणे हे आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे.